अंगावर काढलेलं

आईचं हिमोग्लोबिन साडेपाचवर आलं होतं, तेव्हाही ती रोज पहाटे पावणेपाचला उठत होती. वडील नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत तीन पाळ्यांत कामाला होते. पहिल्या पाळीला कंपनीची बस सिडकोतल्या आमच्या चौकात सव्वासहाला यायची. म्हणजे सहाच्या आत चहा, डबा, अंघोळीचं पाणी. मग आम्हा भावंडांचे डबे, आजीची औषधं, आणि त्यानंतर दिवसभर शिलाई मशीन. वर्षभर पाळीच्या दिवसांत तिच्या अंगावरून खूप जात होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना धाप लागली की ती मधल्या पायरीवर थांबून हातातली पिशवी सारखी करायची. आम्हाला वाटायचं, पिशवी जड झाली असेल. शेवटी मामाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता ती खाली बसली आणि तिला उठता येईना.

दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या चढल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या खाटेशी उभा राहून साधारण एकच वाक्य बोलायचा, "किती अंगावर काढलंत हो, पण कधी तोंडातून ब्र काढला नाहीत." मी तेव्हा बारावीत होते. त्या वाक्यातलं कौतुक मला ऐकू आलं आणि आईचा अभिमान वाटला. आज मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, आणि ते वाक्य आठवलं की राग येतो. बोलणाऱ्या माणसांचा नव्हे, ती सगळी आमच्या मायेची माणसं होती. राग येतो तो त्या कौतुकाचा, कारण त्या कौतुकानंच तिला साडेपाचपर्यंत नेलं होतं.

'दुखणं अंगावर काढणं' हा आपल्या भाषेतला किती सहज शब्दप्रयोग आहे. ताप अंगावर काढायचा, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा अंगावर काढायचा, कंबर धरली तर तीही अंगावर काढायची. याउलट विश्रांतीला घरातल्या बोलण्यात कोणते शब्द आहेत ते आठवून पाहा. 'पडून राहणं', 'लोळणं', 'बसून खाणं'. यातला एकही शब्द ऐकणाऱ्याला बरा वाटत नाही. 'विसावा' हा सुंदर शब्द आपण कवितेसाठी आणि बंगल्याच्या पाटीसाठी ठेवून दिला आहे. बायकांच्या बोलण्यातला आणखी एक शब्द आहे, 'हातासरशी'. हातासरशी भाजी निवडून टाकते, हातासरशी ओटा पुसून घेते, हातासरशी उद्याची कणीकही भिजवते. दिवसाच्या चोवीस तासांपैकी किती तास या एका शब्दानं गिळले असतील, याची मोजदाद त्या बाईकडेही नसते.

आता या सगळ्यावर 'सेल्फ केअर' नावाचा उपाय आला आहे. फोन उघडला की तो समोर असतो. पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, वीस मिनिटं ध्यान, दहा हजार पावलं, झोपण्यापूर्वी डायरी. कॉलेज रोडवरच्या पार्लरमध्ये त्याचं पॅकेज मिळतं, गंगापूर धरणाच्या पाणलोटाजवळच्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारचं शिबिर मिळतं. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. योगासनांनी पाठ सुटते, चालल्यानं साखर आटोक्यात राहते, हे मी स्वतःच्या शरीरावर अनुभवलेलं आहे. पण हा सल्ला ज्या बाईला सर्वांत आधी दिला जातो ती आधीच पाचला उठते आहे. तिला स्वतःची काळजी घ्यायची असेल तर आता साडेचारला उठावं लागेल. म्हणजे तिच्या झोपेतला अर्धा तास कापून तिला तिचंच आरोग्य विकत घ्यायला सांगितलं जातं. आणि तिला ते जमलं नाही, की दिवसभराच्या कामांच्या यादीत अपराधाची एक नवी नोंद होते: मी स्वतःकडे लक्ष देत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःसाठी वेळ काढता येत नाही, तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो. एक माणूस निवांत बसलेला असतो तेव्हा त्याच्या वाट्याचं काम एक तर दुसरं कुणी करत असतं, किंवा ते काम थांबवलेलं चालेल असं सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. म्हणून स्वतःची काळजी हा एकट्यादुकट्याच्या शिस्तीचा विषय धरला, की चर्चा सुरुवातीलाच चुकते. तो वेळेच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि वाटणीचे प्रश्न घरात असले तरी सार्वजनिक असतात. शेताच्या वाटणीसाठी कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी गेली काही वर्षं जाते. तिथं कोण कधी येतं हे पाहिलं तरी ही वाटणी दिसते. पहाटे साडेपाच ते सात या वेळात निवृत्त झालेले गृहस्थ, डॉक्टर, व्यापारी आणि मॅरेथॉनची तयारी करणारी तरुण मुलं. माझ्या वयाच्या बायकांची गर्दी खरी सुरू होते ती साडेआठनंतर, घरातले डबे रवाना झाल्यावर, ऊन चढायला लागल्यावर. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी मनगटाकडे बघत चालतात. आणि त्याच वेळी ट्रॅकच्या बाहेरून, रस्त्याच्या कडेनं, एका सोसायटीतलं काम उरकून दुसरीकडे निघालेल्या मावशी झपाझप जात असतात. त्यांची दहा हजार पावलं केव्हाच भरलेली असतात. त्यांच्या चालण्याला आरोग्य कुणी म्हणत नाही.

केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्या कामांना दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आढळलं. यात एक मेख आहे. ८८ मिनिटांची ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचीच आहे. ज्यांनी हात लावलाच नाही ते या सरासरीत धरलेलेच नाहीत, आणि त्यांची संख्या मोठी आहे. दोन्ही आकड्यांतला फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. एका बाईच्या व्यायामाला, दुपारच्या डुलकीला, वेळेवर डॉक्टरकडे जाऊन येण्याला आणि मैत्रिणीशी बोलण्याला हा वेळ पुरून उरेल. तो कुठं गेला, हे शोधायला ध्यानाला बसायची गरज नाही.

"आपल्या आज्या कुठं थकत होत्या?" असा प्रश्न यावर हमखास येतो. त्या थकत होत्या. पण त्यांच्या काळच्या रीतिभातींत थोडी विश्रांती बांधून ठेवलेली होती, हेही खरं. लेकीला पंचमीला आणि दिवाळीला माहेरी आणायचं, कारण सासरी कुणी 'आता बस' म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाळंतिणीला सव्वा महिना शेक-शेगडी आणि तेल मालीश. पाळीचे चार दिवस बाजूला बसवणं हा अपमान होता, तो गेला ते उत्तमच झालं. पण तो घालवताना त्या चार दिवसांचा आराम आता दुसऱ्या कुठल्या वाटेनं द्यायचा, हे आपण कुणालाच विचारलं नाही. अपमान गेला आणि त्याच्याबरोबर चार दिवसही गेले.

आणि पोळा. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथं बैलांची खांदेमळणी व्हायची. वर्षभर जू ओढून कडक झालेल्या खांद्याला लोणी आणि हळद लावून मामा स्वतःच्या हातानं तो चोळायचा. दुसऱ्या दिवशी बैलाला जू लावायचं नाही, चाबूक दाखवायचा नाही, त्याला अंघोळ घालायची, सजवायचं आणि पुरणपोळी खाऊ घालायची. ज्या समाजाला राबणाऱ्या जनावराचा खांदा दुखतो हे कळतं, आणि त्यासाठी जो वर्षातून एक सण राखून ठेवतो, त्या समाजाला विश्रांतीचं मोल कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मामीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण पुरण शिजवायचं असायचं.

त्याच निफाडात आणि शेजारच्या दिंडोरीत आज द्राक्षबागांच्या मांडवाखाली ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीचं काम चालतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून बायका त्यासाठी येतात. बारीक कात्री घेऊन घडातले नको असलेले मणी काढायचे. घड डोक्याच्या वर, म्हणून हातही दिवसभर वर आणि मान मागे. एकदा घरी हात वर करून दहा मिनिटं उभं राहून बघा, मग खांद्यात काय होतं ते कळेल. निर्यातीच्या मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोजला जातो, घडात मणी किती ठेवायचे याचा हिशेब असतो, फवारणीच्या नोंदी असतात. त्या खांद्यांची नोंद कुठंच नसते. एकट्या बागायतदारावर मी ठपका ठेवत नाही, तोही अवकाळीच्या धास्तीनं रात्र रात्र जागा असतो आणि बँकेच्या हप्त्याखाली दबलेला असतो. तरीही दुपारी अर्धा तास सावलीत पाठ टेकायची मुभा, बागेजवळ एक आडोशाचं स्वच्छतागृह आणि आठवड्यातून एक भरपगारी सुट्टी एवढं मागणं मला अवाजवी वाटत नाही.

आठवड्याची सुट्टी ही काही आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस राबत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे त्या कामगारांना म्हणू शकले असते की मन शांत ठेवा, रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा. ते असं म्हणाले नाहीत. त्यांनी मालकांकडून एक दिवस मागून घेतला. आज आपण रविवारी सकाळी जी मिसळ खायला निघतो, ती त्या मागणीमुळे.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत कामाच्या तासांना मर्यादा घालत होता तो १९४८ सालचा कारखाने अधिनियम. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. माझ्या वडिलांच्या आयुष्यात जे काही बरं होतं, त्यातलं पुष्कळसं या नियमांनी दिलं होतं. पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि त्यानंतरचा माणूस घरचा असायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असं सांगण्यात आलं. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराला ओळखणारा कुणीही सांगेल की त्याच्या संमतीला किती अर्थ असतो. उद्या गेटवर घेतील की नाही याची ज्याला खात्री नाही, तो कुठल्याही कागदावर सही करतो.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात म्हटलं आहे. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडलेले होते. आपल्याकडे मात्र मोठमोठे उद्योगपती सत्तर तास, नव्वद तास काम करा म्हणून सांगतात आणि त्यावर टाळ्या पडतात. त्या नव्वद तासांत स्वतःचा डबा करणं, स्वतःचे कपडे धुणं, मुलाला ताप आला म्हणून रात्र जागणं धरलेलं नसतं. ते तास दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडलेले असतात.

ज्यांना भोंगा नाही त्यांची गोष्ट वेगळी. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन रात्री दहाच्या आसपास परतणारे पासधारक आहेत. त्यांचा प्रवास कुठल्याच कामाच्या तासांत मोजला जात नाही. शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, आशाताई आहेत. यांची पाळी कधी सुटतच नाही, कारण ती खिशात असते. रात्री साडेदहाला कार्यालयाच्या ग्रुपवर 'उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवावी' असा निरोप येतो आणि पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागते. ज्यानं अंगठा दिला नाही तो दुसऱ्या दिवशी नजरेत येतो. मी कॉलेजात शिकवते. तिथली माझी एक सहकारी आहे, हुशार आणि अतिशय मनापासून शिकवणारी. तिच्या नवऱ्यानं प्रेमानं तिला तणाव मोजणारं घड्याळ दिलं. वर्षअखेरीच्या गुणपत्रिका भरत असताना ते घड्याळ तिला दर तासाला सांगायचं, तुमचा ताण वाढला आहे, दीर्घ श्वास घ्या. आठवड्यात तिनं ते काढून कपाटात ठेवलं. ताण आहे हे तिला घड्याळाशिवायही कळत होतं, आणि त्या गुणपत्रिका घड्याळ भरणार नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला माणसाचा आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून आलेली ती अवस्था आहे, असं म्हटलं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आपण मात्र जळून गेलेल्या माणसालाच विचारतो की तू योगासनं का करत नाहीस. फ्रान्सनं २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, एखाद्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही एवढं ठरवायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो कष्टाची माणसं घेतात. हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असा तो आक्षेप. ज्याला उद्याच्या रोजाची चिंता आहे त्याला कसली आलीय स्वतःची काळजी? मी उलट म्हणते. ज्याची भाकरी शरीरावर अवलंबून आहे त्यालाच शरीर जपण्याची गरज सर्वांत जास्त आहे. माझी पाठ धरली तर मी रजा टाकीन, माझा पगार चालू राहील. विरळणीला आलेल्या बाईची पाठ धरली तर त्या आठवड्याचा बाजार चुकतो. दुखणं ती अंगावर काढते ते सोसण्याची हौस म्हणून नाही. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची आणि तिचा रोजही सकाळचाच. एकासाठी दुसरं सोडावं लागतं. संध्याकाळी चालणारी ओपीडी हा तिच्यासाठी कुठल्याही शिबिरापेक्षा मोठा उपचार ठरेल. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. माझी आई त्या निम्म्यांतलीच होती. लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यात फुकटही मिळतात. महाग आहे ती फक्त सकाळ.

कायद्यानं दिलेलंही आपल्यापर्यंत पोचत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे, आणि ठेकेदाराकडचे कामगारही तिच्या बाहेर नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील वसाहतींत काम करतात. वर्गात विचारलं तेव्हा साठातल्या चौघांना हे माहीत होतं. मनाच्या आजारांचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला, आणि टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२ पासून चोवीस तास फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि पुसू देत नाही. दोन मुलींनी मला नंतर एकटीला गाठून सांगितलं की त्यांनी तो लावला होता.

आता शहराचं. निवांतपणाला जागा लागते, आणि ती फुकट असावी लागते. गोल्फ क्लबचं मैदान, सोमेश्वरचा काठ, पांडवलेणीची पायवाट, सार्वजनिक वाचनालय. १८४० सालापासून चालत आलेलं वाचनालय आपल्या गावात आहे याचा मला मोठा आधार वाटतो. पण बाजारहाटाला मेनरोड-रविवार कारंजा भागात गेलेल्या बाईला बसायला एक बाक सापडत नाही आणि स्वच्छतागृहाचा विचार करून ती घरातून निघताना पाणीच पीत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं असंच केलं आहे. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, मग गोळ्या, आणि डॉक्टरांचा सल्ला: भरपूर पाणी पीत जा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल आणि घाट यांची कामं काढलेली आहेत. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रश्न आला, तेव्हा शहरातले लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यात मीही एक दुपार उभी होते. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांना पर्यावरणाच्या मोठ्या गोष्टी सांगता येत नव्हत्या. ते एवढंच म्हणत होते, "बायको गेल्यापासून मी रोज सकाळी इथं येऊन बसतो. ही झाडं गेली तर मी कुठं बसू?" सिंहस्थाच्या कामांत बाक, सावली आणि बायकांसाठी पाणी असलेली स्वच्छतागृहं मागताना मला त्यांचा चेहरा दिसतो. पर्वणी संपल्यावरही इथं राहणाऱ्यांसाठी काहीतरी उरायला हवं.

घराची वाटणी मात्र महापालिका करून देणार नाही. दोन वर्षांपूर्वी मला चक्कर आली आणि रक्तदाब खूप वाढलेला निघाला. मीही आठ महिने डोकेदुखी अंगावर काढली होती. आईचं सगळं पाहिलेलं असूनही काढली. डॉक्टरांकडून आल्यावर मी आणि नवऱ्यानं एका वहीत लिहायला घेतलं, घरात कोण काय करतं. भाजी आणणं लिहिलं, पण भाजी संपत आली आहे हे लक्षात ठेवणं लिहायचं कुठं? सासूबाईंच्या गोळ्या देणं लिहिलं, त्या संपायच्या आत आणून ठेवणं कुठं लिहायचं? माझ्या बाजूचं पान उलटलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प बसला. सकाळचे डबे त्यानं घेतले. सासूबाईंना सुरुवातीला ते फार लागलं, त्यांनी दोन दिवस त्याच्या हातचा डबा पाहून डोळे पुसले. मग एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी असं लिहिलंच नाही गं."

मला सकाळची चाळीस मिनिटं मिळाली. त्यात मी ध्यान करत नाही. गॅलरीत बसते.

तेव्हाच आम्ही आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्यायचं ठरवलं. सोसायटीतल्या दोन घरांनी नाराजी कळवली, मागण्या वाढतील म्हणून. तिसऱ्या घरानं आमच्यासारखंच केलं, मग आणखी एकानं. महिनाभरानं मी मावशींना विचारलं, रविवारी आराम मिळतो ना?

"मिळतो ना, ताई," त्या म्हणाल्या. "आठवड्याचे कपडे धुऊन होतात, घर सारवल्यासारखं लख्ख होतं. मुलाचे, नवऱ्याचे डबे नसतात त्या दिवशी, पण दोघं घरी असतात, मग गरम गरम करून वाढायला लागतं."

रविवार मी त्यांना दिला होता. तो त्यांच्या घरात गेल्यावर कुणाचा झाला, याची वही आम्ही अजून उघडलेली नाही. ती मी त्यांच्या घरी जाऊन उघडू शकत नाही. पण त्यांचा मुलगा आमच्याच कॉलेजात अकरावीला आहे, आणि येत्या सोमवारी माझा तास त्याच्या वर्गावर आहे. २८९ आणि ८८ हे आकडे मी फळ्यावर लिहिणार आहे आणि प्रत्येकानं आपल्या घरची वही लिहून आणायची, असा गृहपाठ देणार आहे.